फाइल सिस्टीम पुन्हा पुन्हा बिघडते, डिस्क मात्र ठणठणीत: ब्लॉक ड्रायव्हरमधला रिक्यू आणि मर्जचा दोष कसा पकडायचा

लक्षणं साधारण अशी असतात. मशीन दिवसेंदिवस नीट चालतं. मग एखाद्या रात्री बॅकअप आणि लॉग रोटेशन एकाच वेळी सुरू होतं, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ईएक्सटी4 या फाइल सिस्टीमची एरर पडते आणि ती रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, होते. सकाळी कोणीतरी रीबूट करतं, एफएससीके हे फाइल सिस्टीम तपासणारं साधन दोनचार आयनोड (फाइलींच्या माहितीच्या नोंदी) दुरुस्त करतं, सगळं पुन्हा सुरू होतं. काही दिवसांनी परत तेच. डिस्क बदलून होते, केबल बदलून होते, रॅमवर रात्रभर टेस्ट चालवून होते. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीत, 5, 197 आणि 199 हे तिन्ही आकडे शून्यावर असतात, म्हणजे सेक्टर खराब नाहीत, वाचायचे राहिलेले नाहीत आणि केबलवर सीआरसीच्या, म्हणजे डेटा जाता-येता बिघडल्याच्या, चुकाही नाहीत. मग फाइल सिस्टीमलाच दोष देऊन लोक ईएक्सटी4 सोडून एक्सएफएसवर जातात आणि महिनाभराने तिथेही तेच घडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे.

माझ्याकडे हे दुखणं आलं ते पीसीआय एक्सप्रेसवरच्या एका स्टोरेज कार्डाचं. ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य झाडाबाहेरचा, कार्ड बनवणाऱ्यांनीच दिलेला. दोष थोडक्यात असा: ड्रायव्हरकडून परत रांगेत गेलेल्या (रिक्यू) विनंतीला शेजारची विनंती जोडली जाते (मर्ज), पण तिच्यासाठी केलेली तयारी जुनीच वापरली जाते. हाच दोष 2018 मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येही येऊन गेला आहे. त्यामुळे ड्रायव्हर कुठलाही असला तरी पुढची पद्धत लागू पडते. ती सविस्तर लिहितोय, कारण या दोषाचा शोध बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो आणि तेवढ्या काळात डेटा जात राहतो.

सगळ्यात आधी: एफएससीके थांबवा

एरर दिसली की हात आपोआप एफएससीकेकडे जातो. इथे तो आवरा. दोष ब्लॉक लेयरमध्ये (फाइल सिस्टीम आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या कर्नलच्या थरात) किंवा ड्रायव्हरमध्ये असेल, तर एफएससीके डिस्क वाचतं तेही त्याच बिघडलेल्या वाटेने. डिस्कवर आयनोड शाबूत असतो, पण एफएससीकेच्या हाती कचरा येतो. ते त्या कचऱ्याची 'दुरुस्ती' करतं आणि चांगल्या आयनोडवर लिहून टाकतं. म्हणजे जे नुकसान फक्त मेमरीत होतं, ते आता डिस्कवर पक्कं होतं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत ड्रायव्हरपेक्षा जास्त फाइली 'सगळ्याला हो' असं उत्तर देऊन चालवलेल्या एफएससीकेने घालवल्या होत्या.

म्हणून फाइल सिस्टीम रीड-ओन्लीच राहू द्या. जमत असेल तर ज्या कर्नलवर हा त्रास कधीच नव्हता त्यावर बूट करा, डिस्कची पूर्ण इमेज काढा आणि एफएससीके त्या इमेजवर, काहीही न लिहिता नुसतं तपासण्याच्या पद्धतीने चालवा. जुन्या कर्नलवर ते 'सगळं ठीक' म्हणालं, तर अर्धं उत्तर हातात आलं: डिस्कवरचा डेटा बरोबर आहे, वाचताना गडबड होते आहे.

जुना कर्नल हाताशी नसेल तर एक छोटी चाचणी आहे. ज्या ब्लॉकबद्दल तक्रार आहे तो डीडी या कमांडने डायरेक्ट पद्धतीने, म्हणजे पेज कॅशला (वाचलेला मजकूर मेमरीत ठेवण्याच्या जागेला) वळसा घालून, वाचा. मशीनवर दुसरा भार नको. तोच ब्लॉक कॅशमधून वाचून दोन्हींची तुलना करा. कॅशमधली प्रत कचरा आणि डायरेक्ट वाचलेली बरोबर असेल, तर डिस्क निर्दोष आहे. कॅश रिकामी करण्यापूर्वी दोन्ही प्रती जपून ठेवा. पुढे त्याच पुरावा म्हणून लागतात.

एररमधला आकडा वाचा

डीमेसेजची ओळ लोक सर्च बॉक्समध्ये टाकतात, पण तिच्यातला आकडा वाचत नाहीत. 2018 च्या दोषाची दुरुस्ती करताना ब्लॉक लेयरची देखभाल करणारे जेन्स ॲक्सबो यांनी जी एरर नोंदवली ती अशी होती: एसडीए1 या डिव्हाइसवर, आयनोड 7142, एक्स्ट्रा-आयसाइज 24937, आयनोडचा आकार 256.

या ओळीत काय काय दडलंय ते बघा. ईएक्सटी4 चा आयनोड 256 बाइटचा असेल तर त्यातले पहिले 128 बाइट जुन्या ठरलेल्या रचनेचे असतात आणि एक्स्ट्रा-आयसाइज हा आकडा उरलेल्या 128 पैकी किती वापरात आहेत ते सांगतो. आजकाल तिथे साधारणपणे 32 असतात. 128 च्या वर तो जाऊच शकत नाही. मग 24937 आलं कुठून? एखादा बिट उलटला तर 32 चे 33 होतील, 160 होतील, फार तर 32800 होतील. एका बिटाच्या फरकाने 24937 होणार नाहीत. आता हा आकडा हेक्समध्ये लिहा: 6169. हे दोन बाइट लिटल एंडियन पद्धतीने, म्हणजे धाकटा बाइट आधी, असे वाचले तर पहिला 69 आणि दुसरा 61 येतो. ॲस्कीच्या तक्त्यात 69 म्हणजे लहान लिपीतला 'आय' आणि 61 म्हणजे लहान लिपीतला 'ए'. दोन्ही बाइट छापता येणारी अक्षरं निघाली. योगायोगाने असं होण्यापेक्षा, आयनोडच्या जागी कुठल्यातरी टेक्स्ट फाइलचा तुकडा बसला असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

आता पुढची पायरी. 4096 बाइटच्या ब्लॉकमध्ये 256 बाइटचे 16 आयनोड मावतात. 7142 नंबरचा आयनोड ज्या ब्लॉकमध्ये आहे त्यात 7137 ते 7152 एवढे आयनोड असतात. डीमेसेजमध्ये याच पट्ट्यातल्या आणखी काही आयनोडांच्या तक्रारी असतील आणि 7136 किंवा 7153 ची नसेल, तर बिघाड नेमका एका पेजएवढा आहे, 4 केबीच्या सीमेवर सुरू होऊन 4 केबीच्या सीमेवर संपणारा.

बिघाडाचा आकार आणि त्याची सीमा हा माझ्या मते या सगळ्या शोधातला सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. एक बिट उलटलेला असेल तर रॅमकडे बघा. 64 बाइटचा तुकडा जुना राहिला असेल तर कॅश लाइनचा आणि डीएमएच्या (डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याच्या) सुसंगतीचा प्रश्न असतो, आर्मच्या बोर्डांवर तो विशेष दिसतो. 512 बाइटचे एकटेदुकटे तुकडे असतील तर डिस्क किंवा तिचं फर्मवेअर. पण पूर्ण 4 केबी किंवा त्याच्या पटीत, सीमेला सीमा लावून, दुसऱ्याच फाइलचा मजकूर दिसत असेल तर तो ब्लॉक पोचलेलाच नाही. डिव्हाइसने त्या पेजवर काही लिहिलंच नाही आणि पेजमध्ये आधी जे पडलेलं होतं तेच वर फाइल सिस्टीमला मिळालं. पेज कॅशसाठी घेतलेलं पेज कर्नल सहसा आधी पुसून देत नाही, कारण डिस्कवरून वाचलेल्या मजकुराने ते भरणारच असतं. त्यामुळे एका वापरकर्त्याच्या फाइलचा तुकडा दुसऱ्याला दिसू शकतो. म्हणजे हा दोष डेटा बिघडवणारा तर आहेच, गोपनीयताही मोडणारा आहे.

2018 मध्ये काय झालं होतं

4.19 हा कर्नल 22 ऑक्टोबर 2018 ला आला. थोड्याच दिवसांत ईएक्सटी4 खराब होत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि कर्नलच्या बगझिला या दोषांच्या नोंदवहीत 201685 या नंबरखाली त्या जमा होऊ लागल्या. नोंदीचं शीर्षकच ईएक्सटी4 चं नाव घेणारं होतं, त्यामुळे सगळ्यांचा संशय आधी तिकडेच गेला. काहींना रोज त्रास, काहींना कधीच नाही. हार्डवेअर सारखं असूनही एकाच्या मशीनवर दिसायचं, दुसऱ्याच्या नाही.

खरा दोष ब्लॉक-एमक्यूमध्ये होता. ब्लॉक-एमक्यू म्हणजे ब्लॉक लेयरची अनेक रांगांची नवी रचना. ती 3.13 पासून कर्नलमध्ये आहे, स्कझी या थरातून चालणाऱ्या डिस्कांसाठी 4.19 मध्ये ती डीफॉल्ट झाली आणि पुढे 5.0 मध्ये जुना एका रांगेचा मार्ग काढूनच टाकला. आणि 4.19 मध्येच एक वेग वाढवणारा बदल आला होता: शेड्युलर (विनंत्यांचा क्रम लावणारा भाग) 'नन', म्हणजे कुठलाच नाही, असा असेल आणि हार्डवेअर क्यू मोकळी असेल, तर विनंती रांगेत न घालता थेट ड्रायव्हरकडे द्यायची.

ड्रायव्हरने ती विनंती घेतली तर काहीच अडचण नाही. पण ड्रायव्हर 'आत्ता जागा नाही' म्हणाला, तर ती परत साध्या रांगेत टाकली जायची. तोपर्यंत स्कझी लेयरने तिच्यासाठी कमांड आणि स्कॅटर-गॅदरची, म्हणजे मेमरीतल्या कुठल्या पेजांत डेटा आहे त्याची, यादी बनवलेली असायची. रांगेत पडलेल्या विनंतीला शेजारच्या सेक्टरची दुसरी विनंती येऊन चिकटली, म्हणजे मर्ज झाली, की विनंती मोठी व्हायची पण यादी जुनीच राहायची. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातलं उदाहरण घ्या. आठ पेट्यांची बिल्टी फाडली, गाडी गेटवरून परत आली, उभ्या गाडीत आणखी आठ पेट्या चढवल्या आणि गाडी त्याच बिल्टीवर रवाना केली. पलीकडे आठच पेट्या उतरतात.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. आधी अशा विनंतीवर 'नो-मर्ज'चा शिक्का मारला. मग त्याहून चांगला उपाय केला: थेट देण्यात अपयशी ठरलेली विनंती साध्या रांगेत न टाकता डिस्पॅच लिस्टमध्ये (ड्रायव्हरकडे जायला तयार असलेल्या विनंत्यांच्या यादीत) टाकायची, कारण त्या लिस्टमधल्या विनंत्यांना कधीच मर्ज केलं जात नाही. हे दोन्ही पॅच डिसेंबर 2018 मध्ये 4.19.8 मध्ये आले.

काहींना त्रास आणि काहींना नाही, याचं कारण शेड्युलर होतं. एमक्यू-डेडलाइनसारखा शेड्युलर असला तर दोष दिसत नव्हता. त्यामुळे कर्नलचं कॉन्फिगरेशन ज्याचं त्याने वेगळं केलं होतं तिथे निकालही वेगळे येत होते.

आता तुमच्या मशीनवर: घेरा आवळणे

मुख्य कर्नलमधलं ते भोक बुजलं आहे. पण विनंती एकदा तयार केली, मग परत पाठवली आणि ती पुन्हा आली तेव्हा तयारी जुनीच वापरली, ही चूक कुठलाही ड्रायव्हर आपल्या घरात करू शकतो. ती आहे का हे बघायला कोड उघडण्याआधी तीन गोष्टी फिरवून बघता येतात. तिन्ही सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या फाइलींच्या झाडात), त्या डिस्कच्या 'क्यू' डिरेक्टरीत आहेत.

पहिली, 'शेड्युलर'. 'नन' असेल तर एमक्यू-डेडलाइन करा. त्रास थांबला तर संशय पक्का होतो. शेड्युलरने एकदा बाहेर काढलेल्या विनंतीवर 'सुरू झाली' अशी खूण बसते आणि ती खूण असलेली विनंती परत रांगेत आली तरी मर्ज होत नाही. 'नन'मध्ये ही खूण बसतच नाही.

दुसरी, 'नोमर्जेस'. तिच्यात 2 लिहिलं की मर्ज करणं पूर्ण बंद होतं. 1 लिहून भागत नाही, त्याने साधे मर्ज होतच राहतात. 'नन' तसाच ठेवून फक्त ही किल्ली फिरवली आणि त्रास गेला, तर दोष मर्जशी जोडलेला आहे यात मला शंका उरत नाही.

तिसरी, 'एनआर-रिक्वेस्ट्स', म्हणजे एकावेळी किती विनंत्या सोडायच्या तो आकडा. ही शक्य तेवढी मोठी ठेवायची; 'नन'मध्ये ड्रायव्हरने जाहीर केलेल्या मर्यादेपुढे ती जात नाही. कार्डात एकावेळी जेवढ्या कमांड मावतात त्याहून जास्त विनंत्या वरून सोडल्या की कार्ड 'भरलंय' म्हणू लागतं, परत पाठवण्या वाढतात आणि आठवड्याने दिसणारा दोष मिनिटांत दिसतो.

एक इशारा. शेड्युलर बदलून त्रास थांबला की पुष्कळजण तिथेच थांबतात आणि तो बदल बूट स्क्रिप्टमध्ये घालून मोकळे होतात. तात्पुरता उपाय म्हणून तो जरूर करा, आजच करा. पण दोष कोडमध्ये तसाच आहे आणि पुढच्या कर्नल अपडेटमध्ये त्या खुणेचा नियम बदलला तर तो परत वर येईल.

दोष मुद्दाम घडवून आणणे

इथे बहुतेकांची चाचणी फसते. ताण द्यायचा म्हणून फायो या चाचणीच्या साधनाने 4 केबीचं रँडम लिहिणं-वाचणं लावतात. ते कितीही वेळ चाललं तरी काही होत नाही, कारण रँडम विनंत्या एकमेकींच्या शेजारी नसतातच, मग मर्ज होणार कशा? इथे हव्यात लहान, सलग विनंत्या, शक्यतो एकाच सीपीयूवरून. 'नन'मध्ये रांग सीपीयूगणिक वेगळी असते आणि मर्ज त्या रांगेतल्या रांगेत होतो. म्हणून फायोच्या एकेका जॉबला एकेक सीपीयू बांधून द्या, ब्लॉक 4 केबी, सलग क्रम, डायरेक्ट आयओ, आयओ-डेप्थ (एकावेळी सोडलेल्या विनंत्यांची संख्या) भरपूर, आणि व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून पडताळणं) चालू. व्हेरिफायमध्ये सीआरसी32सी हा चेकसम वापरला तर फायो प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर त्याची ओळख लिहितं. ब्लॉक चुकला की तिथे जुना मजकूर राहिलाय की दुसऱ्या जागचा ब्लॉक येऊन बसलाय हे त्यावरून लगेच कळतं. आणि हे दोन प्रकार वेगळे आहेत.

शेपटीला जोडलेला मर्ज असेल तर विनंतीचा मागचा भाग पोचत नाही. डोक्याला जोडलेला असेल तर गोष्ट ड्रायव्हरवर अवलंबून असते. त्याने अख्खी कमांड जुनीच वापरली तर पुढचा भाग पोचत नाही. पण सुरुवातीचा सेक्टर विनंतीतून ताजा घेतला आणि पेजांची यादी मात्र जुनी, असं केलं तर एका जागेचा डेटा दुसऱ्याच जागेवर लिहिला जातो. हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण त्यात ज्या फाइलला कोणी हातही लावला नव्हता ती खराब होते.

चाचणी अर्थातच रिकाम्या डिस्कवर करायची.

ब्लॉकट्रेस हे विनंत्यांची नोंद करणारं साधन लावा आणि एका सेक्टरचा प्रवास बघा. त्यात प्रत्येक घटनेला एक अक्षर असतं: 'डी' म्हणजे ड्रायव्हरकडे दिली, 'आर' म्हणजे परत आली, 'एम' म्हणजे शेपटीला मर्ज, 'एफ' म्हणजे डोक्याला मर्ज, 'सी' म्हणजे पूर्ण झाली. निरोगी विनंतीचे मर्ज सगळे 'डी'च्या आधी होतात. आमच्या कार्डावर सापडलेला क्रम होता डी, आर, एम, डी, सी. पहिल्या 'डी'ला 8 सेक्टर, दुसऱ्या 'डी'ला 16, 'सी'लाही 16. सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे 4 केबीची विनंती परत आली, वाढून 8 केबीची झाली आणि 8 केबी पूर्ण झाल्याचं वर कळवलं गेलं. कार्डाला प्रत्यक्षात काय मिळालं ते ब्लॉकट्रेस सांगू शकत नाही, तिथे ड्रायव्हरमध्येच बघावं लागतं. पण 'आर' आणि त्यानंतरचा 'डी' यांच्यामध्ये 'एम' किंवा 'एफ' दिसला की कोडमध्ये नेमकं कुठे बघायचं ते ठरून जातं.

ब्लॉकट्रेसच्या भाराने वेळांचं गणित बदलून दोष दिसेनासा होत असेल, तर बीपीएफट्रेस या साधनाने फक्त रिक्यूच्या ट्रेसपॉइंटवर (कर्नलमधल्या नोंद घेण्याच्या जागेवर) नजर ठेवा. दिवसभरात एकही रिक्यू होत नसेल, तर तुमचा दोष हा नाही. मग पुढचं वाचण्यापेक्षा दुसरीकडे शोधलेलं बरं.

ड्रायव्हरमध्ये काय सापडलं

ब्लॉक-एमक्यूमध्ये प्रत्येक विनंतीबरोबर ड्रायव्हरला स्वतःची थोडी जागा मिळते. त्या जागेत आमच्या ड्रायव्हरने 'मॅप झालं' असा एक फ्लॅग ठेवला होता. विनंती स्वीकारणाऱ्या क्यू-आरक्यू फंक्शनमध्ये पहिल्यांदा विनंती आली की पेजांचं डीएमए मॅपिंग करायचं, कार्डाची कमांड बांधायची, फ्लॅग लावायचा. फ्लॅग आधीच लागलेला असेल तर हे सगळं टाळून थेट कमांड पाठवायची. हेतू चांगला होता, मॅपिंग महाग असतं.

आता भार वाढला की कार्ड कमांड स्वीकारायचं आणि थोड्या वेळाने 'भरलंय, पुन्हा पाठवा' असं उत्तर देऊन ती संपवायचं. त्यावर ड्रायव्हर विनंती ब्लॉक लेयरकडे रिक्यू करायचा आणि जागा होईपर्यंत हार्डवेअर क्यू थांबवून ठेवायचा. फ्लॅग तसाच, मॅपिंग तसंच. क्यू थांबलेली असल्याने विनंती सॉफ्टवेअर क्यूमध्ये पडून राहायची आणि तेवढ्यात मागून सलग येणारा पुढचा ब्लॉक तिला चिकटायचा. पुन्हा क्यू-आरक्यूमध्ये आली तेव्हा विनंती 16 सेक्टरची, फ्लॅग लागलेला, म्हणून जुनी 8 सेक्टरची कमांड तशीच गेली. कार्डाने 8 सेक्टरचं काम चोख केलं. ड्रायव्हरने पूर्ण विनंती संपल्याचं कळवलं.

हे सिद्ध करायला एक ओळ पुरते. कमांड पाठवण्याच्या अगदी आधी, विनंतीचे आत्ताचे बाइट आणि मॅपिंग करताना टिपून ठेवलेले बाइट यांची तुलना करणारा वॉर्न-ऑन-वन्स (एकदाच इशारा छापणारी कर्नलची सोय) घाला. तो वाजला आणि त्याचा कॉल ट्रेस डीमेसेजमध्ये आला की चर्चा संपते. तो मी दुरुस्तीनंतरही काढला नाही, त्याची किंमत एका तुलनेएवढीच आहे. डीएमए-डीबग किंवा केसॅन ही मेमरीच्या चुका पकडणारी साधनं इथे मदत करत नाहीत, तरी सुरुवातीला लोक तीच हत्यारं उचलतात. जुनं मॅपिंग वैध असतं, मेमरीही वैध असते, फक्त अपुरी असते. त्यांना तक्रार करायला काहीच नसतं.

दुरुस्ती

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तयारी राखून ठेवायची आणि विनंतीवर डोन्ट-प्रेप ('पुन्हा तयारी नको') हा फ्लॅग लावायचा. स्कझी लेयर तेच करतो. 2019 च्या सुरुवातीला ब्लॉक-एमक्यूमध्ये असा बदल झाला की हा फ्लॅग असलेली विनंती रिक्यू झाली तर थेट डिस्पॅच लिस्टमध्ये जाते, म्हणजे तिला मर्जचा धोका नाही. मात्र तुमचा कर्नल त्याहून जुना असेल आणि तो पॅच त्यात आणलेला नसेल, तर या फ्लॅगचा भरवसा धरू नका.

दुसरा रस्ता, आणि मला तोच पटतो: विनंती परत करण्यापूर्वी केलेली सगळी तयारी उलटवायची. मॅपिंग सोडायचं, फ्लॅग पुसायचा, विनंती आली होती तशी परत द्यायची. पुन्हा आली की पुन्हा मॅपिंग करायचं. रिक्यू हा अपवादाचा मार्ग आहे. तिथे थोडा वेळ जास्त गेला तर चालतो, आणि कर्नलची आवृत्ती कुठलीही असली तरी हे बरोबरच राहतं. नमुना म्हणून व्हर्टआयओ-ब्लॉक या आभासी डिस्कचा ड्रायव्हर वाचा. तो लहान आहे, आणि रांग भरलेली निघाली की आधी मॅपिंग सोडून मगच स्टेटस परत करतो.

स्टेटसवरून आठवलं, याच भागातला एक सख्खा दोष आहे ज्यात डेटा बिघडत नाही पण मशीन अडकतं आणि 'टास्क 120 सेकंदांहून जास्त अडकलेला' असे मेसेज येतात. 'रिसोर्स' हा स्टेटस परत केला तर ब्लॉक-एमक्यू थोड्या वेळाने क्यू स्वतः पुन्हा चालवतं. 4.16 मध्ये आलेला 'डेव्ह-रिसोर्स' परत केला तर अर्थ असा की जागा झाल्यावर क्यू चालू होईल याची हमी ड्रायव्हर देतो. हमी देऊन कंप्लिशनच्या वाटेवर क्यू चालू करायला विसरलं की सगळं ठप्प. डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींच्या झाडात) त्या डिस्कच्या हार्डवेअर क्यूखाली 'डिस्पॅच' नावाची फाइल असते. सगळं अडकलेलं असताना तिच्यात विनंत्या साचलेल्या दिसल्या आणि 'बिझी'मध्ये काहीच चालू नसेल, तर तिथेच पकडा.

दुरुस्ती तपासताना कार्ड भरण्याची वाट बघू नका. ड्रायव्हरमध्ये तात्पुरता पॅरामीटर घालून ठरावीक अंतराने एक विनंती खोटंच 'भरलंय' म्हणून परत पाठवा. वरचीच फायोची चाचणी 'नन'वर, मर्ज चालू ठेवून लावा. डी, आर, एम, डी, सी हा क्रम आता दिसला तरी हरकत नाही, फक्त दुसऱ्या 'डी'च्या वेळी मॅपिंग 16 सेक्टरचं असलं पाहिजे. तो वॉर्न गप्प आणि व्हेरिफाय स्वच्छ, हे दोन्ही एकत्र हवं. कार्ड हाताशी नसेल आणि नुसता ब्लॉक लेयर समजून घ्यायचा असेल, तर नल-ब्लॉक या खोट्या डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम चुका घडवणं) चालू करून कर्नल बांधला की असे खोटे रिक्यू घडवता येतात.

गिट बायसेक्टबद्दल (दोष कुठल्या बदलाने आला ते निम्मं-निम्मं करत शोधण्याबद्दल) एवढंच: अशा अनियमित दोषात 'खराब' हा शिक्का खरा असतो, 'चांगला' हा कधीच खात्रीचा नसतो. खोट्या रिक्यूने दोष पटकन दिसण्याची सोय झाल्याशिवाय बायसेक्टला बसू नका. नाहीतर ते भलत्याच कमिटवर नेऊन सोडतं.

आधी बिघडलेल्या डेटाचं काय

ड्रायव्हर दुरुस्त झाला तरी मधल्या काळात जे लिहिलं गेलं त्याचा हिशेब बाकी राहतो. ई2एफएसप्रोग्ज या ईएक्सटी4 च्या साधनसंचाच्या 1.43 पासून नव्या ईएक्सटी4 वर मेटाडेटाचे (फाइलींविषयीच्या नोंदींचे) चेकसम आपोआप चालू असतात, पण ते फक्त मेटाडेटाचे. फाइलच्या आतला 4 केबीचा तुकडा लिहिलाच गेला नसेल तर ईएक्सटी4 ला ते कधीच कळणार नाही, आणि एफएससीके स्वच्छ आलं याचा अर्थ फाइली शाबूत आहेत असा नाही. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर स्क्रब (सगळे ब्लॉक वाचून तपासणं) चालवून चुकलेले ब्लॉक सापडतात, कारण तिथे डेटाचेही चेकसम असतात.

ईएक्सटी4 वर असाल तर दोषी ड्रायव्हर पहिल्यांदा बसवल्याची तारीख पॅकेज मॅनेजरच्या लॉगमधून काढा आणि त्यानंतर बदललेल्या फाइलींची यादी फाइंडने बनवा. त्यांची बॅकअपशी तुलना आरसिंकचा चेकसमचा पर्याय लावून करा. नुसता आकार आणि वेळ बघून चालणार नाही, या दोषात दोन्ही बरोबरच असतात. बॅकअपही याच काळात याच मशीनवरून वाचून घेतला असेल तर तोही संशयितच, त्याआधीची प्रत शोधा. डेटाबेस असतील तर त्यांची स्वतःची पेज चेकसमची तपासणी वेगळी चालवा. पोस्टग्रेसमध्ये ती सुविधा क्लस्टर बनवताना चालू केली होती का ते आधी बघा, कारण 18 च्या आधीच्या आवृत्त्यांत ती आपोआप चालू नसते.